दोन अर्धुकांमधला कागद

सिस्टर, हे मी तुम्हाला मराठीत लिहिते आहे. मराठी बोलले म्हणून गळ्यात लाकडी ठोकळा अडकवायला आता तुम्ही नाही, आणि असतात तरी या वयात मी तो काढून तुमच्याच टेबलावर ठेवला असता. शाळेचा कसलासा मोठा समारंभ आहे. दौंडहून एका तरुण बाईचा फोन आला होता. स्मरणिकेसाठी तुमची एक गोड आठवण लिहून द्या, दोनशे शब्दांत, आणि इंग्रजीतच बरं का, असं ती म्हणाली. आधी आलेले दोन-तीन मजकूर तिने हौसेने वाचून दाखवले. तुम्ही सगळ्या मुलींवर आईसारखी माया करायचात म्हणे. मी म्हटलं, बाई, या लिहिणाऱ्या आपल्याच शाळेत होत्या ना, एकदा तपासून घ्या. फोन ठेवला तरी माझा संताप उतरेना. वजनमापे खात्यात नोकरी करून निवृत्त झाले मी. पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधण्यात हयात गेली, आणि मेलेल्या माणसाच्या पारड्यात मात्र कुणीही उठून काहीही टाकावं? तुम्ही आईसारख्या नव्हतात. माझी आई मला आठवते. तुम्ही पट्टीसारख्या होतात, सरळ आणि कडेला धारदार, आणि ती कड माझ्या बोटांवर अनेकदा बसली आहे. पण त्या दोनशे शब्दांत जे मावलं नसतं, ते मला तुम्हालाच सांगायचं आहे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी माझ्या वडिलांनी, आबांनी, रेल्वे सोडली होती. दौंडच्या लोको शेडमध्ये ते फिटर. डाव्या हाताची दोन बोटं कामावर चिरडली, तेव्हा साहेबाने त्यांना दिव्यांच्या खोलीत बसवलं. सिग्नलच्या लाल-हिरव्या काचा पुसायच्या, वाती कातरायच्या, रॉकेल भरायचं. वर्षभर त्यांनी ते केलं आणि एक दिवस राजीनामा देऊन मला तुमच्या बोर्डिंगात भेटायला आले. "म्या इंजिनाचा मानूस," म्हणाले, "काचा पुसून मरायचं न्हाई मला." आई गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते शिरूरला गेले, कारण तिथल्या एका डॉक्टरांनी निरोप धाडला होता. डॉक्टरांनी देश सोडून निघालेल्या एका परदेशी इंजिनियरकडून जर्मन बनावटीची गाडी घेतली होती. पाठीला पोक असलेली, इंजिन मागे, आणि इंजिनात पाणी म्हणून कुठे नाही. तिच्या ड्रायव्हरची समजूत अशी की ही गाडी हवेवर चालते, तेव्हा तेलही बघायचं कारण नाही. एक दिवस पाबळच्या रस्त्यावर इंजिनाचा लोखंडी हात पेटी फोडून बाहेर आला. पुण्यात कुणी त्या गाडीला हात लावेना. डॉक्टर आबांना म्हणाले, "मिस्त्री, दवाखान्यामागची पत्र्याची शेड रिकामी आहे. गाडी चालू करा, शेड तुमची, खुशाल गॅरेज काढा. पोरीच्या शाळेला सुट्टी लागेपर्यंत वाट बघतो, मग ती जागा धान्यवाल्याला द्यायची आहे." आबांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे आपलं जोडलं: "चालली तर तुजी म्याट्रिक. न्हाई चालली तर दोघंबी चुलत्याच्या वस्तीवर. म्या खुरपायचं, तू भाकरी थापायच्या." मी नववीत होते. मला भाकऱ्या थापायच्या नव्हत्या.

दुसरं इंजिन दौंडलाच सापडलं, पिठाच्या गिरणीत. कुठल्याशा धरणाच्या कामावरून लिलावात आलेलं ते धूड गिरणीवाल्या चाचांनी जात्याला जोडलं होतं. आता वीज आली होती आणि ते कोपऱ्यात पडून होतं. सिलिंडरभोवतीच्या पातळ पात्यांमध्ये पीठ आणि तेल मिळून अशी कणीक भरली होती की चाचा म्हणाले, "मिस्त्री, इंजन ले जाव, साथ में रोटी फुकट." आबांनी विचारलं, हे त्याच गाडीचं कशावरून. "सेम टू सेम," चाचा म्हणाले. ज्याला विकायचं असतं त्याला जगातली सगळी इंजिनं सेम टू सेम वाटतात. मी रॉकेल, दात घासायचा ब्रश आणि केसातला आकडा घेऊन ती कणीक दोन रविवार काढत बसले. डायनॅमोच्या बैठकीखाली इंजिनाच्या नंबराचे आकडे उमटले. डॉक्टरांच्या गाडीच्या दाराच्या कप्प्यात एक जाड पुस्तक होतं, त्यात अशा आकड्यांचा तक्ता होता. पण पुस्तक जर्मन. आबांना अडचण वाटली. मला तुम्ही आठवलात.

तेलकट पुस्तक घेऊन मी तुमच्या खोलीत आले, तेव्हा तुम्ही आधी माझी नखं पाहिलीत. बाहेर जाऊन हात धुवायला लावलेत. परत आले तर तुम्ही पुस्तक उघडून उभ्याच होतात. आपल्या भाषेत छापलेलं काही तुम्ही किती वर्षांनी पाहत होतात कुणास ठाऊक. तुमचं बोट ओळीखालून अगदी सावकाश सरकत होतं. मग तुम्ही म्हणालात की हा आकडा तक्त्यात नाही, तक्ता याच्या अलीकडेच संपतो. हे इंजिन पुस्तकापेक्षा नवं आहे, तेव्हा मोजल्याशिवाय ते कोणतं हे कळणार नाही. पुस्तकातल्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास पंचाहत्तर मिलिमीटर. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी दोन्ही मोजलेत, दोन्ही तीन इंच आहेत. लोको शेडमध्ये सगळं इंच आणि सुतात चालायचं, मिलिमीटर नुकते कुठे आमच्या वर्गात आले होते. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "तीन इंच हे उत्तर नाही," म्हणालात, "ते मत आहे."

म्हणून आबांनी दोन्ही इंजिनांतला एकेक सिलिंडर पिशवीतून आणून दिला आणि मी ते दोन लोखंडी डबे तुमच्या टेबलावर ठेवले, क्रुसाच्या दोन बाजूंना. मी कंपासपेटीतला डिव्हायडर काढला. तुम्ही हात आडवा घातलात आणि आधी दौतीचं तोंड मोजायला लावलंत, मग मेणबत्तीचं घर, मग पेल्याची कड. प्रत्येक वेळी नंतर स्वतः मोजून पाहायचात. तिन्ही बरोबर आले तेव्हा मान हलवलीत. डॉक्टरांच्या गाडीतला डबा पंचाहत्तर भरला. गिरणीतला मी वरून, खालून, उभा, आडवा, चार वेळा मोजला. सत्त्याहत्तर. दोन मिलिमीटर म्हणजे काय, तांदळाच्या दाण्याची जाडी; पण आबांच्या खिशात मुंबईच्या दुकानाला धाडायचं कार्ड लिहून तयार होतं, पंचाहत्तरच्या पिस्टन-रिंगा पाठवा म्हणून. ते फाडून दुसरं लिहिलं. पुढे सरकारी बिल्ला लावून लोकांची मापं तपासत हिंडले, ते मी त्या टेबलावर शिकले. याबद्दल आभार मानायचे तर मानते. पण माझ्या हातावरचे वळ त्याने वजा होत नाहीत.

मग दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर तुम्ही पुस्तक वाचायचात, इंग्रजीत सांगायचात, मी वहीत उतरवून घ्यायचे. शनिवारी दुपारच्या एस.टी.ने मी शिरूरला. तुम्ही खास परवानगी दिली होतीत, तीही अशा चेहऱ्याने की मी सुट्टी चोरूनच नेते आहे. शेडमध्ये मी वही उघडून मराठीत सांगते आणि आबा उकिडवे बसून ऐकतात. पटलं तर "व्हय" म्हणतात, नाही पटलं तर बिडी पेटवतात. "ती बाई देवाची हाय," एकदा म्हणाले, "पर पान्याच्या भाषेतबी बोलती गं." हे त्यांच्या तोंडून फार होतं.

वही अजून पेटीच्या प्रकरणापर्यंत पोचली नव्हती, तेव्हाच एका शनिवारी त्यांनी मला कागद कापायला बसवलं. या इंजिनाची पेटी म्हणजे उभी चिरलेली दोन अर्धुकं. मधे क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, बसतो आणि दोन्ही अर्धुकं बोल्टांनी आवळायची. आबांचा जन्म वाफेच्या इंजिनात गेलेला. दोन लोखंडं एकमेकांवर आली की मधे पॅकिंग, ही त्यांच्याकडे विचारायची गोष्टच नव्हती. पॅकिंगशिवाय सांधा म्हणजे बटणाशिवाय सदरा. त्यांना स्वतःला ते कापता येईना, डाव्या हाताला धरायला बोटं नव्हती. म्हणून मी कापलं. जाड कागद तेलात भिजवून, पेटीच्या कडेवर दाबून ठसा घेतला आणि भरतकामाच्या कात्रीने सगळा घेर सोडवला. बोल्टांची भोकं गोल, एकही कड फाटलेली नाही. तुमच्या शिवणाच्या तासाला मी जी फुलं काढली त्यांपेक्षा ते कितीतरी चांगलं होतं. आबांनी ते खिळ्याला टांगून ठेवलं, वाळायला.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी तुम्ही मला ठोकळा घातलात. तुमच्या टेबलाच्या खणात माझं बोट चिमटलं आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. मराठी शब्द. तुम्ही उठलात, खुंटीवरचा ठोकळा काढलात, माझ्या गळ्यात अडकवलात आणि पुन्हा बसून पुस्तकात जिथे बोट होतं तिथून पुढे वाचायला लागलात. जिची आई गेली आहे त्या पोरीला "आई गं" म्हटल्याबद्दल. सिस्टर, एवढ्या वर्षांनी लिहितानाही माझे कान तापतात. त्याच बैठकीत तुम्ही ती ओळ सांगितलीत: दोन्ही अर्धुकं स्वच्छ पुसावीत, धातूला धातू लावावा, मधे पॅकिंग मुळीच घालू नये. मी ती लिहिली. तुम्ही ती दोनदा सांगितलीत. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी वरची ओळ वाचली, खालची ओळ वाचली आणि ती गाळली. आबांनी खिळ्यावरचा कागद काढला, पेटीत बसवला आणि बोल्ट आवळले. रागाने गाळली, असंच मी पुढे स्वतःला सांगत आले.

इंजिन चालू करायचा तो रविवार. सुट्टी लागायला आठवडा होता. तुम्ही याल असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण शिरूरच्या स्टँडवर एस.टी.तून दोन पांढरे झगे उतरले, तुम्ही आणि सोबतीला स्वयंपाकघरातल्या बुटक्या सिस्टर. डेपोतली माणसं तुमच्या मागोमाग शेडपर्यंत आली. आधीच तिथे गर्दी होती. "पानी न्हाई तर थंड कसं व्हतंय वो ह्ये?" "वाऱ्यावर." "मंग घाटात वारं कोन घालनार, तुजी सासू?" डॉक्टर घड्याळ हातात घेऊन उभे. आबा गाडीत बसतात, किल्ली फिरवतात. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्याला ते इंजिन असं बोलायला लागतं की गर्दी एक पाऊल मागे सरते. आबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. समोर एक छोटा दिवा लागलेला होता, हिरवा. आबांनी त्याच्याकडे बोट केलं. सगळी उमर रेल्वेत, शेवटचं वर्ष दिव्यांच्या खोलीत. "हिरवा," म्हणाले, "लाइन क्लिअर हाय डॉक्टरसायेब. बसा, पुलापत्तुर जाऊन यिऊ."

आणि तुम्ही गर्दीतून वाट काढत दाराशी आलात, आत वाकलात आणि म्हणालात, "बंद कर. आदी बंद कर. ह्यो दिवा इझाया पायजे. हिरवा म्हंजी त्याल पोचत न्हाई."

इंजिन बंद झालं. मला वाटतं क्षणभर सगळं शिरूरच बंद झालं. ज्या बाईने चार वर्षं माझ्या तोंडातून मराठी उपटून काढली, ती माझ्या वडिलांना अरेतुरे करून वस्तीवरच्या बायकांसारखी बोलत होती. मला नंतर कळलं, मंगळवारी मिशनच्या दवाखान्याच्या रांगेत तुम्ही बायकांची गळवं धुवायचात, ती भाषा तिथली. त्यामुळे तुम्हाला 'अहो' ठाऊकच नव्हतं. जीभ दाखव, हात वर कर, औषध घे. दिव्याचा धडा तुमच्या हिशेबाने पुढच्या शुक्रवारचा होता. तुम्ही पुढचं वाचून ठेवलं होतंत, म्हणूनच दोन बस बदलून आलात.

डॉक्टरांनी घड्याळ खिशात टाकलं. "मिस्त्री, झाले तेवढे कष्ट पुरे," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता, कंटाळला होता. आबांच्या हातातून किल्ली खाली पडली. तुम्ही मात्र पांढऱ्या झग्यासकट गाडीमागे गुडघे टेकलेत, मान वाकडी करून पेटीच्या सांध्यावरून नख फिरवलंत. नखाला कागदाची कड लागली.

"हितं काय घातलंय?"

"प्याकिंग, शिस्टर," आबा म्हणाले. त्या अवस्थेतही त्यांना सांगितल्याशिवाय राहवेना. "पोरीनं कापलंय. बगा, सूतभरबी इकडं-तिकडं न्हाई."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. कागदाच्या जाडीने दोन्ही अर्धुकं दूर राहिली होती, क्रँक आपल्या जागेत सैल झाला होता आणि तेल नको तिथून पळत होतं, हे तुम्हाला कळलं होतं आणि मलाही. मला वाटलं आता सगळ्यांसमोर वही मागणार. नीतीच्या तासाला तुम्ही फळ्यावर लिहिलं होतंत की खोट्यात लहान-मोठं नसतं, आणि ते वाक्य मी शंभर वेळा लिहून काढलं होतं.

"माजी चूक," तुम्ही डॉक्टरांना म्हणालात. "हितं कागद घालायचा न्हाई, ती वळ पोरीला सांगायची म्या इसरले. चूक माजी, शिक्षा त्याला कशाला? आट दिस दे त्याला." डॉक्टरांनाही अरेतुरे. त्यांनी तुमच्या झग्यावरची धूळ पाहिली आणि आठ दिवस दिले.

आबांनी पेटी उघडली. कागद काढला, कडा रॉकेलने धुतल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोखंडाला लोखंड लावलं. बोल्ट आवळताना ओठ हलत होते, देवाचं नाव होतं की शिवी ते मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी किल्ली फिरवली, इंजिन लागलं, हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. गर्दी ओरडली. आबा मात्र त्या विझलेल्या दिव्याकडे बघत बसले. "उमरभर हिरवा बगून गाडी सोडली," म्हणाले, "आता इझलेला बगून सोडायची व्हय." मग सोडली. डॉक्टर शेजारी, मी मागे. घोडनदीचा पूल ओलांडून नगर रस्त्याला लागलो, तेव्हा मागून येणारा तो आवाज भाताच्या रटरटण्यासारखा सारखा होता, आणि मला पक्कं कळलं की मी दहावीत जाणार आहे, अकरावीत जाणार आहे.

दुसऱ्या दिवशी, सुट्टी लागायच्या सोमवारी, तुम्ही मला बोलावलंत आणि तो कागद मागितलात. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणलाच होता. तुम्ही टेबलावर पसरलात, प्रत्येक भोकावरून बोट फिरवलंत. म्हणालात, "काम फार नीटस आहे." मग घडी करून खणात ठेवलात आणि विचारलंत, आणखी काही? मी बोलायला लागले, ते मराठीत. तुम्ही ठोकळा काढून माझ्या गळ्यात घातलात. ज्या हाताने कागद जपून ठेवलात त्याच हाताने, सिस्टर. याला काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्यासाठी तुम्ही चारचौघांत खोटं बोललात, मला न विचारता, आणि मला कबूल करायची एक संधीसुद्धा दिली नाहीत. कागदाचं पुढे काय केलंत? तुम्ही गेलात तेव्हा मी नगरला नोकरीवर होते, मला रजा मिळाली नाही. तुमच्या मातीला आबा गेले होते, शिरूरहून, त्याच गाडीने. तुमचा खण कुणी आवरला हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांचं गॅरेज सत्तावीस वर्षं चाललं. नवा माणूस कामाला लागला की ते ही गोष्ट सांगायचे. जर्मन बाई, मोठी हुशार, पर येक वळ इसरली. म्हणून म्हन्तो, शहानी असली तरी मानसं चुकत्यात, तवा परत्येक काम दोनदा बगायचं. मी तिथे चहाचा कप घेऊन उभी असायचे. एकदाही म्हटलं नाही की ती विसरली नव्हती. वही खिळ्याला लटकत होती, ती ओळ माझ्याच अक्षरात तिच्यात होती, आणि आबांना इंग्रजी येत नव्हतं.

हे पत्र दौंडला जाणार नाही, त्यांच्या स्मरणिकेत तर नाहीच. त्या वहीतच ठेवते. फक्त मघाशी एक चुकीचं लिहिलं, ते दुरुस्त करते. ती ओळ मी ठोकळ्याच्या रागाने गाळली नाही. राग होता, पण तो एस.टी.ने दौंड सोडेपर्यंतच टिकला. शेडमध्ये पोचले तेव्हा कागद खिळ्याला वाळत होता आणि आबा शेजारच्या सायकलवाल्याला तो दाखवत होते. "असा हात आमच्या लोको शेडात कुनाचा न्हवता," म्हणत होते. तो कागद फुकट जावा असं मला वाटलं नाही, सिस्टर. तेवढंच होतं.